सही केली, मत बदललं नाही

१८५५ सालच्या अखेरीस ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या कुलगुरूंनी ग्रीकच्या नव्या प्राध्यापकाला बोलावून घेतलं. प्राध्यापक अडतीस वर्षांचे होते. अंगकाठी लहान, चेहरा गोल आणि मुलासारखा कोवळा, आवाज बारीक. नेमणूक पंतप्रधान पामर्स्टन यांच्या शिफारशीने थेट राणीकडून झालेली. तरीही त्यांना कुलगुरूंसमोर उभं करण्यात आलं, कारण विद्यापीठातल्या दोघा सनातनी मंडळींनी लेखी तक्रार केली होती: हा माणूस पाखंडी आहे, चर्चच्या एकोणचाळीस कलमांवर याचा विश्वास उरलेला नाही, तेव्हा याच्याकडून त्या कलमांवर पुन्हा सही घ्यावी.

ही कलमं म्हणजे सोळाव्या शतकात ठरलेला इंग्लंडच्या चर्चचा अधिकृत धर्मजाहीरनामा. प्राध्यापकांनी त्यावर आधी अनेकदा सही केलेली होती. विद्यापीठात प्रवेश घेताना केली होती, धर्मगुरूची दीक्षा घेताना केली होती. आता नव्याने सही मागणं म्हणजे चारचौघांत नाक घासायला लावणं होतं. बेंजामिन जोवेट यांनी वाद घातला नाही. सही केली आणि ते आपल्या खोलीवर परतले.

त्या सहीने प्रकरण मिटलं नाही. ग्रीकचं हे अध्यासन आठव्या हेन्रीने स्थापन केलेलं. त्याने ठरवून दिलेला पगार वर्षाला ४० पौंड होता, आणि तीनशे वर्षांनंतरही तो तेवढाच होता. इतर अध्यासनांचे पगार काळाप्रमाणे वाढले होते. जोवेट यांचाही वाढवावा, असा ठराव विद्यापीठात पुन्हा पुन्हा आला आणि पुन्हा पुन्हा पडला. ग्रीक शिकवण्यात कसर होती म्हणून नव्हे. त्यांची व्याख्यानं भरलेली असत. पण धर्माविषयी त्यांनी जे लिहिलं होतं, त्याची शिक्षा ग्रीकच्या पगारातून वसूल होत होती. दहा वर्षं हे असंच चाललं.

त्यांनी असं लिहिलं तरी काय होतं?

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. जोवेट यांचा जन्म १५ एप्रिल १८१७ चा, लंडनच्या कॅम्बरवेल भागातला. वडील फरच्या कातड्यांचे व्यापारी, पण धंद्यात त्यांचं लक्ष नव्हतं. बायबलमधली स्तोत्रं छंदोबद्ध इंग्रजीत आणण्याचा ध्यास त्यांना लागला होता, आणि त्यात धंदा बुडाला. घर कडक धार्मिक वळणाचं. बाराव्या वर्षी मुलाला सेंट पॉल्स शाळेत घातलं. पुढे आईवडील बाथला राहायला गेले आणि पोरगा लंडनमध्ये भाड्याच्या खोलीत एकटा राहून शिकला. व्हर्जिल आणि सोफोक्लीजचे मोठाले भाग त्याला तोंडपाठ होते. इतका चांगला लॅटिन जाणणारा विद्यार्थी आपण आजवर पाठवला नाही, असं मुख्याध्यापकांचं मत पडलं.

१८३५ मध्ये त्याने ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजची खुली शिष्यवृत्ती पटकावली. तिथून पुढे मरेपर्यंत बेलियल हेच त्याचं घर. १८३८ मध्ये, अजून पदवी हातात यायची होती, तेव्हाच तो कॉलेजचा फेलो निवडला गेला. घरात पैसा नसलेल्या मुलाला केवळ परीक्षेतल्या कामगिरीवर हे मिळालं. परीक्षेवरचा जोवेट यांचा पुढचा सगळा विश्वास इथून आलेला आहे.

ऑक्सफर्ड त्या वेळी धर्माच्या वादाने पेटलेलं होतं. न्यूमन, पुसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची चळवळ इंग्लंडच्या चर्चला पुन्हा जुन्या परंपरेकडे, विधींकडे आणि धर्मगुरूंच्या अधिकाराकडे नेऊ पाहत होती. १८४१ मध्ये न्यूमन यांनी एक पुस्तिका काढली. एकोणचाळीस कलमांचा अर्थ रोमन कॅथलिक मतालाही सामावून घेईल असा लावता येतो, असं त्यांनी त्यात मांडलं आणि गदारोळ उडाला. बेलियलमधले डब्ल्यू. जी. वॉर्ड हे न्यूमन यांचे कट्टर अनुयायी. जोवेट आणि वॉर्ड यांची मतं पूर्ण वेगळी, पण दोघांच्या चर्चा तासन्‌तास चालत. १८४५ मध्ये वॉर्ड यांच्या पुस्तकाबद्दल विद्यापीठाने भर सभेत त्यांच्या पदव्या काढून घेतल्या. धर्ममतासाठी विद्वानाला जाहीर शासन करणारी सभा कशी असते, ते जोवेट यांनी अगदी जवळून पाहिलं होतं.

ते स्वतः मात्र वेगळ्याच दिशेने निघाले होते. १८४४ च्या सुट्टीत मित्र आर्थर स्टॅन्ली यांच्याबरोबर ते जर्मनीला गेले. तिथले विद्वान बायबलचा अभ्यास होमर आणि लिव्हीसारखा करत होते. हे पुस्तक कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कोणासाठी लिहिलं, त्या काळच्या वाचकाला त्यातून काय कळलं असेल, असे प्रश्न ते विचारत. जोवेट यांनी कांट वाचला, हेगेल वाचला. हेगेल ऑक्सफर्डमध्ये आणणाऱ्या पहिल्या काही मंडळींत त्यांची गणना होते. पण त्यांनी हेगेलचा पंथ काढला नाही. जर्मनीतून त्यांनी आणली ती वाचण्याची शिस्त.

१८५४ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात दोन अंगांनी महत्त्वाचं ठरलं.

बेलियलचे प्रमुख, म्हणजे तिथल्या भाषेत ‘मास्टर’, रिचर्ड जेंकिन्स वारले. जोवेट यांचं नाव पुढे होतं. कॉलेजातले तरुण फेलो त्यांच्या बाजूने होते. मतं अगदी काठावर पडली आणि निवड झाली रॉबर्ट स्कॉट यांची. लिडेल आणि स्कॉट यांचा ग्रीक शब्दकोश ज्यांनी चाळला आहे त्यांना हे नाव माहीत असेल. जोवेट यांना हा पराभव फार लागला. कॉलेजमधल्या संध्याकाळच्या बैठकींना जाणं त्यांनी सोडलं. शिकवायचं, आणि उरलेला वेळ खोलीत बसून लिहायचं.

दुसरी घटना थेट हिंदुस्थानशी निगडित आहे. तोवर कंपनी सरकारातल्या वरिष्ठ मुलकी जागा संचालकांच्या मर्जीने भरल्या जात. ज्याचा काका-मामा संचालक, त्याची वर्णी. १८५३ च्या कायद्याने ही मक्तेदारी मोडली आणि खुल्या परीक्षेचा मार्ग ठरला. परीक्षा कशी असावी हे सांगण्यासाठी मेकॉले यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली गेली, तिच्या पाच सदस्यांत जोवेट होते. ब्रिटनच्या स्वतःच्या सनदी नोकरीसाठी नॉर्थकोट आणि ट्रेव्हेलियन यांनी जो अहवाल दिला, त्यालाही परीक्षेची योजना मांडणारं जोवेट यांचं पत्र जोडलेलं होतं.

मेकॉले समितीने सुचवलेली गुणांची वाटणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. इंग्रजी भाषा, इतिहास आणि साहित्य मिळून १५००. गणित १०००. ग्रीक ७५०, लॅटिन ७५०. संस्कृत ३७५, अरबी ३७५. ज्या देशावर राज्य करायचं त्या देशाच्या अभिजात भाषेची किंमत ग्रीकच्या बरोब्बर निम्मी. समितीची भूमिका अशी होती, की उमेदवाराने आधी उत्तम उदार शिक्षण घेतलेलं असावं. हिंदुस्थानचे कायदे, भाषा, इतिहास त्याला निवडीनंतर शिकवता येतील. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुलांना ही परीक्षा अंगाला बेतून शिवल्यासारखी बसली. पुण्या-मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या मुलाला समुद्र ओलांडून लंडनला जाऊन, परक्या भाषेत, परक्यांच्या अभिजात वाङ्मयावर उत्तरं लिहायची होती.

तरी दार उघडलं होतं हे खरं. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर त्यातून आत शिरले, ही परीक्षा उत्तीर्ण होणारे पहिले हिंदी माणूस. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली, साताऱ्याला ते न्यायाधीश होते, आणि तुकारामांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. काका-मामांच्या वशिल्यावर चालणाऱ्या जुन्या पद्धतीत हे घडलं नसतं. जोवेट यांच्या योजनेतला न्याय आणि तिच्यातला अन्याय, दोन्ही एकाच गुणपत्रिकेत दिसतात.

जोवेट यांचे दोन भाऊ हिंदुस्थानात नोकरीला होते. दोघेही तिथेच वारले. स्वतः जोवेट इकडे कधीच आले नाहीत.

आता धर्माकडे वळू. १८५५ मध्ये त्यांनी संत पॉलच्या थेस्सलनीका, गलतिया आणि रोम इथल्या मंडळींना लिहिलेल्या पत्रांवर दोन खंडांचं भाष्य प्रसिद्ध केलं. मूळ ग्रीक, त्यावर टीपा, आणि अधूनमधून स्वतंत्र निबंध. वादळ उठलं ते एका निबंधावरून. मनुष्याच्या पापाची भरपाई ख्रिस्ताने आपल्या रक्ताने केली, देवाचा कोप त्या निरपराध बळीने शांत झाला, ही शिकवण त्या काळच्या व्यासपीठांवरून रविवारमागून रविवार दिली जाई. जोवेट म्हणाले, एकाच्या अपराधाची शिक्षा दुसऱ्या निरपराधाला देणं माणसांच्या न्यायालयात आपण सहन करणार नाही, मग ते देवाच्या नावावर कसं मांडतो? पॉलने बळीची, रक्ताची भाषा वापरली, कारण तो ज्यू होता आणि त्याच्या श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर यज्ञवेदी होती. पुढच्या शतकांनी त्या उपमांचा कायदा केला.

हे वाचूनच ती तक्रार झाली, आणि ती सही.

सही करून जोवेट गप्प बसतील अशी कोणाची अपेक्षा असेल, तर ती १८६० मध्ये खोटी ठरली. डार्विनचा ग्रंथ आदल्या नोव्हेंबरात निघाला होता. त्याच्या मागोमाग ‘एसेज अँड रिव्ह्यूज’ नावाचं पुस्तक बाहेर पडलं. सात लेखक, त्यांतले सहा धर्मगुरू. शाळामास्तर फ्रेडरिक टेम्पल त्यात होते, गणिती बेडन पॉवेल होते, मार्क पॅटिसन होते. शेवटचा आणि सर्वांत लांब निबंध जोवेट यांचा, पवित्र ग्रंथाचा अर्थ कसा लावावा यावर. त्यांचं म्हणणं साधं होतं. बायबल दुसऱ्या कोणत्याही ग्रंथासारखं वाचा. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काय कळलं, तो त्याचा अर्थ. नंतरच्या पंथांनी आपापले सिद्धांत त्यात कोंबले आहेत, ते बाजूला काढा. असं वाचल्यावरही हा ग्रंथ इतर सर्व ग्रंथांहून वेगळा ठरेल, अशी त्यांची खात्री होती.

या वाक्याचा दुसरा अर्धा भाग विरोधकांनी ऐकलाच नाही. जोवेट नास्तिक नव्हते. रोज प्रार्थना करणारे, प्रवचन देणारे, आजाऱ्याच्या उशाशी जाणारे धर्मगुरू होते. खऱ्या श्रद्धेला खऱ्या चौकशीची भीती वाटण्याचं कारण नाही, एवढंच ते म्हणत होते. हे म्हणायला त्या ऑक्सफर्डमध्ये किती छाती लागत होती, याची कल्पना पुढच्या चार वर्षांच्या हकिकतीवरून येते.

पुस्तक हातोहात खपलं. ऑक्सफर्डचे बिशप विल्बरफोर्स, जे त्याच वर्षी डार्विनचे समर्थक हक्सली यांच्याशी उत्क्रांतीवरून भिडले होते, त्यांनी त्यावर जळजळीत लेख लिहिला. सात लेखकांना ‘ख्रिस्ताविरुद्धचे सात’ अशी पदवी मिळाली. त्यांपैकी रोलंड विल्यम्स आणि एच. बी. विल्सन या दोघांवर चर्चच्या न्यायालयात खटला झाला आणि १८६२ मध्ये त्यांना वर्षभर निलंबनाची शिक्षा झाली. त्यांनी वरच्या न्यायासनाकडे, प्रिव्ही कौन्सिलकडे, अपील केलं. फेब्रुवारी १८६४ मध्ये निकाल फिरला: बायबलचा प्रत्येक शब्द दैवी प्रेरणेचा आहे, किंवा पापी माणूस अनंतकाळ नरकात जळतो, असं मानण्याची सक्ती कलमांत नाही. निकालाविरुद्ध सुमारे ११,००० पाद्र्यांनी सह्यांचं निवेदन काढलं, आणि पाद्र्यांच्या धर्मसभेने त्याच वर्षी पुस्तकाचा औपचारिक निषेध केला.

जोवेट यांच्यावर १८६३ मध्ये विद्यापीठाच्या स्वतःच्या न्यायालयात फिर्याद झाली. फिर्यादी होते पुसी आणि आणखी दोन प्राध्यापक. पुसी हिब्रूचे मोठे विद्वान, तरुणपणी जर्मनीत शिकून आलेले, म्हणजे जोवेट कोणत्या विहिरीचं पाणी प्यायले आहेत हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. या बाबतीत आपल्याला अधिकार आहे की नाही याचीच न्यायाधिकाऱ्यांना शंका आली आणि फिर्याद बारगळली. पुढे पुसींनीच पगारवाढीसाठी तडजोड सुचवली: वाढ द्यावी, पण त्यावरून विद्यापीठ जोवेट यांच्या धर्ममतांशी सहमत आहे असं समजू नये. तीसुद्धा मतदानात हरली. शेवटी १८६५ मध्ये तोडगा निघाला तो जुन्या दप्तरांतून. या अध्यासनाचा खर्च उचलण्याची नैतिक जबाबदारी क्राइस्ट चर्च कॉलेजवर येते, असं इतिहास-संशोधकांनी दाखवून दिलं, आणि कॉलेजने पगार ५०० पौंड केला.

यानंतर जोवेट यांनी धर्मशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला नाही. ख्रिस्ताचं चरित्र लिहायचं त्यांच्या मनात वर्षानुवर्षं होतं, ते राहूनच गेलं. काहींनी याला माघार म्हटलं. माझं मत तसं नाही. त्यांना चर्चबाहेर फेकून देणं हाच विरोधकांचा हेतू होता, आणि आत टिकून राहणं हेच त्यांचं उत्तर होतं. पण त्याची किंमत पडली हे नाकारता येत नाही. इंग्लंडमधल्या धर्मविचाराला ज्या वेळी त्यांच्यासारख्या श्रद्धाळू आणि निर्भय वाचकाची गरज होती, नेमक्या त्या वेळी तो आवाज व्यासपीठावरच्या प्रवचनांपुरता उरला.

या काळात त्यांना एक विलक्षण मैत्री लाभली. कवी आर्थर ह्यू क्लफ यांनी १८६० मध्ये धर्मविचारावरचं एक भलंमोठं लेखन त्यांच्याकडे अभिप्रायासाठी पाठवलं. लेखिका होत्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल. क्रिमियाहून परतल्यापासून त्या आजारी होत्या, बहुतेक वेळ खोलीत असत, आणि तिथूनच सैन्याच्या आरोग्यापासून हिंदुस्थानातल्या सांडपाण्यापर्यंत सगळ्याचा पाठपुरावा करत. जोवेट यांनी ते लेखन बारकाईने वाचून शेरे मारले. तिथून सुरू झालेला पत्रव्यवहार तीस वर्षांवर चालला. बाईंना चर्चमध्ये जाणं जमत नसे, तेव्हा जोवेट त्यांच्या घरी जाऊन प्रभुभोजनाचा विधी करत. त्या बदल्यात बाई प्लेटोच्या भाषांतराच्या प्रस्तावनांवर परखड सूचना पाठवत, आणि जोवेट त्या मानत. बाईंची बहुतेक पत्रं जोवेट यांच्या इच्छेनुसार नष्ट झाली. त्यांची बाईंना लिहिलेली पत्रं उरली आहेत.

प्लेटोचं काम सुरू झालं ते ‘रिपब्लिक’वरच्या भाष्यापासून. मग लक्षात आलं की एका संवादासाठी बाकीचे लागतात. भाष्य मागे पडलं आणि सगळ्या संवादांचं भाषांतर पुढे आलं. १८७१ मध्ये चार खंड निघाले. चार वर्षांनी सुधारून पाच खंड, आणि मरणाच्या आदल्या वर्षी, १८९२ मध्ये, पुन्हा तपासून तिसरी आवृत्ती. एकदा छापलं म्हणजे संपलं, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांचा जुना विद्यार्थी, कवी स्विनबर्न, सुट्टीत त्यांच्याकडे येऊन मसुदे तपासून देई. शेजारच्या खोलीत बसलेला स्विनबर्न मधूनच मोठ्याने ओरडून जोवेट यांची चूक जाहीर करी आणि इकडून जोवेट शांतपणे आभार मानत, ही आठवण त्या काळच्या पाहुण्यांनी सांगून ठेवली आहे.

काटेकोर व्याकरणकारांना हे भाषांतर रुचलं नाही. पुढे लॅटिनचा थोर पंडित झालेला हाउसमन विद्यार्थी असताना एकदा जोवेट यांच्या व्याख्यानाला गेला आणि ग्रीक स्वराघाताची चूक ऐकून परत फिरकला नाही, असं म्हणतात. दुसरा आक्षेप अधिक खोल होता. जॉन ॲडिंग्टन सिमंड्स या जुन्या विद्यार्थ्याने १८८९ मध्ये त्यांना कळवलं, की पुरुषापुरुषांमधलं ग्रीक प्रेम हे प्लेटोच्या काळी जिवंत वास्तव होतं, त्याला नुसता अलंकार मानता येणार नाही. पहिल्या श्रोत्याला जे कळलं तो अर्थ, हा नियम बायबलला निधड्या छातीने लावणारे जोवेट इथे मात्र पाऊल आखडतात. ही त्यांच्या कामातली उणीव आहे. तरीही ग्रीक न येणाऱ्या लाखो वाचकांना सॉक्रेटिस बोलताना ऐकू आला तो जोवेट यांच्या इंग्रजीतून. प्रत्येक संवादापूर्वीच्या लांबलचक प्रस्तावना वाचाव्यात. जे धर्मशास्त्र त्यांनी लिहायचं टाळलं, ते तिथे देव, आत्मा, मृत्यू आणि न्याय यांच्यावरच्या पानांतून झिरपलेलं आहे. पुढे १८८१ मध्ये थ्युसिडिडीज आणि १८८५ मध्ये ॲरिस्टॉटलचं ‘पॉलिटिक्स’ही त्यांनी इंग्रजीत आणलं.

१८७० मध्ये स्कॉट यांना रॉचेस्टरचं डीनपद मिळालं आणि सोळा वर्षांनी जोवेट बेलियलचे मास्टर झाले. पुढच्याच वर्षी पार्लमेंटने विद्यापीठातल्या बहुतेक पदांसाठी धर्मकलमांवर सही करण्याची अट काढून टाकली. या बदलासाठी जोवेट कित्येक वर्षं झटत होते. ऑस्ट्रेलियाहून बेलियलला शिकायला आलेला सॅम्युएल अलेक्झांडर हा ज्यू मुलगा १८८२ मध्ये लिंकन कॉलेजचा फेलो झाला. पंचवीस वर्षांपूर्वी ते शक्यच नव्हतं.

मास्टर म्हणून त्यांचा धाक होता आणि लळाही होता. विद्यार्थ्याने दर आठवड्याला निबंध आणून वाचून दाखवायचा. मास्टर शेकोटीकडे बघत ऐकणार. वाचून संपल्यावर लांब शांतता, आणि मग एखादं वाक्य, ज्याने आठवडाभराचं काम तरी कोसळे किंवा मुलगा हरखून जाई. फिरायला बरोबर नेलं तर मैलभर अवाक्षर निघत नसे. मुलं बिचकत, पण सुट्टीत माल्व्हर्नला किंवा स्कॉटलंडच्या डोंगरात ते अभ्यासाला बोलावत तेव्हा आनंदाने जात. गरीब मुलांच्या फीची सोय ते गुपचूप करत. उमरावांच्या मुलांना मात्र कामाला जुंपत. आळशी लॉर्डपेक्षा वाईट काही नाही, असं त्यांना मनापासून वाटे.

कॉलेजच्या भिंतींबाहेरही त्यांचं लक्ष होतं. ब्रिस्टलला १८७६ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज निघालं त्यामागे त्यांचा रेटा होता. १८८२ ते १८८६ या चार वर्षांत ते स्वतः ऑक्सफर्डचे कुलगुरू होते, म्हणजे ज्या खुर्चीने त्यांना सही करायला लावलं होतं, तिच्यावर आता तेच बसले. त्या काळात विद्यार्थ्यांच्या नाटकांवरची बंधनं त्यांनी सैल केली आणि थेम्सच्या खोऱ्यातल्या पाण्याच्या निचऱ्याचा प्रश्न हाती घेतला. बेलियलमध्ये रविवारी संध्याकाळी संगीताच्या मैफिली सुरू केल्या. ब्राउनिंग, टेनिसन, जॉर्ज एलियट यांच्याशी त्यांचा स्नेह होता.

आणि हिंदुस्थान? निवडलेल्या सनदी उमेदवारांनी इकडे येण्याआधी काही काळ विद्यापीठात काढावा, ही व्यवस्था १८७०च्या दशकात झाली आणि त्यांतले बरेच जण बेलियलमध्ये दाखल झाले. अर्नोल्ड टॉयन्बी त्यांना शिकवत. टॉयन्बी १८८३ मध्ये तिशीतच वारले, तेव्हा अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांना बोलावण्यात आलं. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कलेक्टरांपासून वरपर्यंत बेलियलची माणसं पसरली. १८८८ ते १९०५ या काळात एकामागून एक आलेले तीन व्हाइसरॉय, लॅन्सडाउन, एल्गिन आणि कर्झन, बेलियलचेच. पुण्यात प्लेगचा कहर झाला आणि टिळकांना राजद्रोहाची पहिली शिक्षा झाली, तेव्हा कलकत्त्याला एल्गिन होते. बंगालची फाळणी कर्झन यांनी केली. जोवेट यांनी या मुलांना कर्तव्य शिकवलं, कष्ट शिकवले, बारकाईने वाचायला शिकवलं. ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांना विचारायला हवं, हे त्यांच्या शिकवणीत नव्हतं. इतक्या न्यायनिष्ठ माणसाला हा प्रश्न पडला नाही, याचं दुःख वाटतं.

पण एका हिंदी विद्यार्थिनीसाठी त्यांनी जे केलं तेही सांगायला हवं. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ मध्ये नाशिकचा. वडील पारशी घराण्यातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक. आई फ्रान्सिना पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल चालवत. कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर झाली. परीक्षेत तिचा क्रमांक असा होता की इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती तिला मिळायला हवी होती. ती नाकारली गेली, कारण शिष्यवृत्ती मुलीला देता येत नाही असं ठरलं. मग लेडी हॉबहाउस, विल्यम वेडरबर्न आणि स्वतः नाइटिंगेलबाई यांच्यासारख्यांनी पैसे उभे केले आणि १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डला समरव्हिलमध्ये आली.

जोवेट तेव्हा सत्तरी ओलांडलेले. या मुलीत त्यांनी विशेष लक्ष घातलं, घरी बोलावलं, मोठमोठ्या माणसांशी ओळखी करून दिल्या. तिला कायदा शिकायचा होता. तोवर ऑक्सफर्डमध्ये कोणत्याही बाईने कायद्याचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. १८९२ मध्ये बी.सी.एल. या कायद्याच्या पदवीच्या परीक्षेची वेळ आली. हे काही साधंसुधं प्रकरण नव्हतं, भल्याभल्या पुरुषांची तिथे दमछाक होई. बाईची उत्तरपत्रिका आपण तपासणार नाही, असं परीक्षकाने कळवलं. पुरुषांबरोबर बसता आलं नाही तर त्या परीक्षेला काही अर्थ उरणार नव्हता, आणि कॉर्नेलिया तडजोडीला तयार नव्हती. आदल्या वर्षीच्या गंभीर दुखण्यातून जोवेट पुरते सावरले नव्हते. तरी त्यांनी आपलं वजन खर्च केलं, आणि परीक्षा अगदी तोंडावर आली असताना विद्यापीठाने खास ठराव करून तिला परवानगी दिली. पुरुष उमेदवारांच्या रांगेत बसून तिने पेपर लिहिले आणि ती उत्तीर्ण झाली. पदवी मात्र मिळाली नाही. बायकांना पदवी देण्याचा नियम ऑक्सफर्डने १९२० मध्ये केला, आणि कॉर्नेलिया यांच्या हातात ती १९२२ मध्ये पडली. मधल्या तीस वर्षांत त्यांनी बंगालमधल्या पडदानशीन विधवांची आणि अल्पवयीन वारसांची कामं केली होती. त्यांची राजकीय मतं राष्ट्रीय चळवळीच्या विरोधात गेली आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. पण बेलियलच्या मास्टरांचं ऋण त्यांनी आपल्या लेखनात मोकळेपणाने नोंदवलं आहे.

१ ऑक्टोबर १८९३ रोजी हॅम्पशरमध्ये एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी जोवेट वारले. वय शहात्तर. लग्न त्यांनी केलं नव्हतं. ऑक्सफर्डच्या सेंट सेपल्कर्स दफनभूमीत त्यांना पुरलं. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत सात कॉलेजांचे प्रमुख आणि ईटनचे प्रोव्होस्ट होते, आणि हे आठही जण त्यांचे विद्यार्थी. आपल्या पुस्तकांचे हक्क त्यांनी ग्रीक वाङ्मयाच्या अभ्यासासाठी बेलियलला दिले होते. लुईस कॅम्बेल यांच्याबरोबर केलेली ‘रिपब्लिक’ची मूळ ग्रीक आवृत्ती त्यांच्या पश्चात १८९४ मध्ये निघाली.

‘एसेज अँड रिव्ह्यूज’च्या सात लेखकांपैकी फ्रेडरिक टेम्पल १८६९ मध्ये बिशप झाले तेव्हा पुन्हा आरडाओरड झाली. लगेच पुढच्या आवृत्त्यांतून त्यांनी आपला निबंध काढून घेतला. १८९६ मध्ये त्यांना कँटरबरीचे आर्चबिशप म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू नेमण्यात आलं, आणि १९०२ मध्ये सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक त्यांनीच केला. जोवेट यांनी आपला निबंध कधी मागे घेतला नाही. त्यांच्या पश्चातही तो पुस्तकरूपाने छापला जात राहिला.